दोन दिवस ऊन वर्ज्य

“जरा थांबा जी… या खुर्चीत पहिलेच एक माणूस बसून हाये.”

भूमिका अर्धी बसली होती. गुडघे वाकलेले, ओढणी एका हातात गोळा केलेली, आणि पाठीमागून हा आवाज. ती अशी झटकन ताठ झाली की कोपर भिंतीवर आपटलं. बाहेर डिसेंबरचं लखलखीत ऊन होतं आणि ही खोली काळीकुट्ट. दाराला दुहेरी जाड पडदा, खिडकीला काळा कागद, आणि कोपऱ्यात जमिनीलगत एक मिणमिणता दिवा, पाय कुठे टाकायचा एवढंच सांगणारा.

“मग आधी बोलायचं ना,” ती कोपर चोळत म्हणाली.

“बोललो ना. बराबर वेळेवर बोललो. अजून एक सेकंद गेला असता तं बोलन्यासारखं काही राह्यलं नसतं.”

“उजव्या हाताची रिकामी हाये, पोरी,” तिसऱ्या कुणा म्हाताऱ्याचा आवाज आला. हे मनिरामकाका. कपाळावरच्या जुन्या डागासाठी यायचे, खोलीत शिरल्यावर एकदा बोलायचे आणि मग तासभर घोरायचे. त्यांचं घोरणं सुरू झालं, तशी भूमिका उजव्या खुर्चीत बसली आणि तिला स्वतःचंच हसू आलं. अंधार होता म्हणून बरं. हसताना तिचे गाल दुखत, आणि ते कुणाला दिसलेलं तिला आवडत नसे.

गोंदियाच्या बाजारातल्या या दवाखान्यात मुरुमांवर उजेडाचा उपचार मिळतो, हे तिला तिरोड्याच्या एका मैत्रिणीनं सांगितलं होतं. पद्धत अशी: आधी चेहऱ्याला एक लेप लावायचा. मग तो कातडीत मुरेपर्यंत तासभर अंधारात बसायचं. मग डोळ्यांवर जाड चष्मा चढवून वीस मिनिटं लाल दिव्याखाली पडायचं. लेपामुळे कातडी उजेडाला फार हळवी होते, म्हणून दिव्यानंतरचे दोन दिवस ऊन पूर्ण वर्ज्य. खिडकीशीसुद्धा उभं राहायचं नाही. अशा चार बाऱ्या, तीन-तीन आठवड्यांनी. डॉक्टरबाई अंधाऱ्या खोलीत फोनही नेऊ देत नसत. आता फोनशिवाय एक तास माणसानं करायचं काय? माणूस बोलतो. आपल्याकडे एवढं जुनं औषध दुसरं नाही.

भूमिका कटरे तेवीस वर्षांची. तिरोड्यात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात बसायची. दिवसभर लोकांचे फोटो काढायची, ‘हनुवटी वर’, ‘डोळे उघडे’ असं बजावायची, आणि स्वतःचा फोटो तिनं तीन वर्षांत काढला नव्हता. गेल्या चैत्रात आमगावचं एक स्थळ पाहून गेलं. पोहे आवडले, पोरगी शिकलेली आवडली, आणि मध्यस्थाकडून निरोप आला की बाकी सगळं ठीक, पण चेहऱ्यावर फार आहे. आई निर्मलाबाईंनी तो निरोप पोरीला कळू द्यायचा नाही असं ठरवलं आणि त्याच संध्याकाळी रडत रडत कळवला. तेव्हापासून भूमिका दारातून निघताना स्कार्फ बांधायची ते परत दारात आल्यावरच सोडायची. उन्हापायी आपल्याकडच्या सगळ्याच पोरी बांधतात. हिला मात्र ऊन हे निमित्त होतं.

“तुमी कोठच्या?” डावीकडून आवाज आला.

“तिरोड्याची. तुमी?”

“दरेकसा. डाकसेवक हावो. सायकलवर चिठ्ठ्या वाटतो पाच गावात.”

“चिठ्ठ्या येतात का आता?”

“चिठ्ठ्या नाई येत. आधार कार्ड येते, बँकेचे कागद येते. पन लोक दारात येऊन कागदाकडे नाई, माह्या तोंडाकडेच पाहतात. पोट्टे तं सीताफळ म्हणतात मले.”

तो हे अगदी सरळपणे म्हणाला. तिला आजवर जे कुणापुढे बोलता आलं नव्हतं, ते हा माणूस हवापाण्यासारखं बोलून गेला होता.

“मले कोनी काही म्हणत नाई,” ती हळूच म्हणाली. “पाहत राहतात नुसते.”

“ते तं म्हणन्यापेक्षा खराब.”

नाव हेमेंद्र टेंभरे. पहिल्या तासात एवढंच कळलं, पण परतीच्या गाडीत सोबत आलेल्या आईनं तीनदा विचारलं, “काय झालं व, एकटीच काऊन हासून राहिली?” आणि तिन्ही वेळा भूमिकेनं खिडकीबाहेरच्या अंधाराकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या बारीला ती पंधरा मिनिटं आधी पोचली.

आता इथे टीनाबद्दल सांगायला हवं, कारण गोष्टीत जे काही बिघडलं ते तिच्यापासून. टीना दवाखान्यात लेप लावायची. गोंदिया शहरातली, हिंदी बोलणारी, चटपटीत. तिचा गाल असा की बोट लावलं तर डाग पडेल असं वाटावं. देवानं अशा पोरीला मुरुमांच्या दवाखान्यात नोकरी द्यायची म्हणजे त्याची थट्टाच. बाजूच्या खोलीत ती एकेकाला बोलवायची, आणि बाकीचे दाराबाहेर बाकावर थांबायचे; लेप झाला की आतल्या दारानंच अंधाऱ्या खोलीत जायचं, म्हणून बाकावर कुणाचं तोंड दिसत नसे. भूमिका बाकावर होती. आत हेमेंद्र होता. आणि आतून हसण्याचा आवाज येत होता.

“अरे, हिलो मत ना. हेमेंद्रजी, आप भी…”

भूमिकेनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं. तिची स्वतःची वेळ आली तेव्हा टीनानं ब्रश फिरवला आणि अडीच मिनिटांत ‘हो गया’ म्हणाली.

“एवढ्यातच?” भूमिका म्हणाली.

“मर्दों को ज़्यादा टाइम लगता है. दाढ़ी रहती है ना,” टीना म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

अंधाऱ्या खोलीत येईपर्यंत भूमिकेच्या तळपायाची आग मस्तकाला पोचली होती. का, ते तिला सांगता आलं नसतं. ज्या माणसाचं तोंड आपण पाहिलेलं नाही, त्याच्या तोंडावर कुणी किती वेळ ब्रश फिरवला याचा हिशोब आपण का ठेवावा? पण मत्सराला असले प्रश्न विचारून चालत नाही. तो आधी येऊन बसतो आणि कारण मागाहून शोधतो.

“आज गप्प गप्प?” हेमेंद्र म्हणाला. मनिरामकाका घोरायला लागलेच होते.

“तुमचं बोलनं झालं ना आत. लय हासून राहिले होते.”

“ते होय… ते ब्रशनं गुदगुल्या होतात.”

“मले नाई होत.”

“तुमी रागीट असान.”

“हावो.”

“सांगा बरं, दिसता कशा?”

अंधारात भूमिकेचा हात आपोआप गालाकडे गेला आणि लेपाच्या भीतीनं मागे आला. “का बरं?”

“असंच. मी सांगतो माह्यं पहिले. उंच हावो, गोरा हावो, नाक हे असं धारदार…”

“खोटं.”

“साफ खोटं,” तो म्हणाला. “मधल्या उंचीचा. सावळा. नाक बापाचं घेतलं, थोडं जास्तच घेतलं. बाकी मुरुम. आता तुमी.”

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “डोळे बरे हायेत म्हणतात.”

“अन बाकी?”

“बाकीसाठी तं येऊन राहिली ना इथं.”

तो हसला नाही. म्हणाला, “असं करू. चार बाऱ्या होऊ द्या. मंग तिसऱ्या दिवशी, चांगल्या भर उन्हात, गोंदियात कोठं तरी चहा पिऊ. तेव्हा पाहू एकमेकाले. तोपर्यंत नाई. मंजूर?”

आता एवढ्या एका वाक्यासाठी एखादीनं काय काय केलं नसतं. भूमिकेनं फक्त ‘मंजूर’ म्हटलं, पण ते तिनं ज्या घाईनं म्हटलं त्यात सगळं आलं. आणि पुढचे तीन आठवडे तिनं रोज सकाळी आरशात पाहून दिवस मोजले. मुरुम खरंच बसायला लागले होते. हनुवटीवरचे चार पूर्ण गेले. चौथ्या बारीपर्यंत चेहरा दाखवण्यासारखा झाला पाहिजे. त्याआधी त्यानं पाहता कामा नये. एकदा एका घरानं पाहून नाही म्हटलं ते तिनं सोसलं होतं. यानं पाहून नाही म्हटलं तर ते सोसणार नाही, हे तिला स्वच्छ माहीत होतं.

तसं त्याच्या नजरेला न पडणं अवघड नव्हतंच मुळी. दिव्याखाली त्याचा नंबर पहिला लागायचा, आणि त्याची गाडी आधीची. तिचा चष्मा निघेपर्यंत तो दुपट्टा गुंडाळून स्टेशनकडे गेलेला असायचा.

तिसरी बारी जानेवारीत, बुधवारी. या वेळी लेपाला नऊ मिनिटं लागली. भूमिका मोजत होती हे सांगायलाच नको. तोवर ती दोघं एकमेकांना ‘अरे-तुरे’ करू लागली होती, आणि हक्क आला की मत्सराला बळ येतं.

अंधाऱ्या खोलीत दर पंधरा मिनिटांनी टीना डोकावून जायची. त्या दिवशी ती आत आली आणि थांबली. अत्तराचा वास आला.

“हेमेंद्रजी, जलन तो नहीं हो रही?”

“नाई, ठीक हाये.”

जलन होत होती, पण ती उजवीकडच्या खुर्चीत.

“अच्छा सुनो, परसों मेरी छुट्टी है,” टीना म्हणाली. “दो-चार सहेलियाँ मिलके आपके उधर झरना देखने आ रहे हैं. स्टेशन पे आओगे ना?”

“मले तं दोन दिवस घरातच राहा लागते ना. तुमीच सांगता.”

“तो फिर मैं घर आ जाऊँगी. मम्मी के हाथ की चाय पिऊँगी.”

हेमेंद्र हसला. “या ना,” म्हणाला.

या ना. दोन अक्षरं. कुणी दारात आलं की आपण कुत्र्यामांजरालासुद्धा म्हणतो अशी. पण भूमिकेला वाटलं, इथे आपण दुसऱ्या बारीपासून चहाचा एक कप उधार ठेवला आहे, आणि ही बया परवा त्याच्या आईच्या हातचा चहा पिणार. आपण दिसायला लाजतो, आणि हिला लाजायचं कारणच नाही. त्याच्या आईला ती दिसेल, त्याला ती भर उजेडात दिसेल. मग आपल्यासाठी उरणार काय? अंधार.

पडदा पडला, टीनाची पावलं लांब गेली. मनिरामकाका मोठ्यानं घोरले.

“मलेबी परवा सवड नाई,” भूमिका म्हणाली.

“काऊन?”

“पोरगा पाहाले येऊन राहिला.”

हे तोंडातून निघालं आणि तिला स्वतःलाच धक्का बसला. पण बाण सुटला होता. डावीकडची खुर्ची करकरली.

“कोन?”

“इंजिनिअर हाये. वीज केंद्रात.”

“…कोठचा?”

“तिरोड्यातच क्वार्टर हाये त्याचं. शुक्रवारी येतात दुपारी.”

भूमिका वाट पाहत होती. ‘नको म्हण’ एवढंच तिला म्हणायचं होतं त्याच्या कानात, पण ते त्यानं म्हणायचं होतं, तिनं नाही.

“शुक्रवारी तं तुले उजेडात बसता येत नाई,” तो शेवटी म्हणाला. “पाहील कसा तो?”

“ज्याले पाहाचं राहते तो पाहते.”

“मनजे त्याले पहिले दिसशीन. मले चौथ्या बारीले.”

त्या बोलण्यात राग होता की दुःख, हे आवाजावरून कळेना. तिला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. पण तेवढ्यात त्याचा नंबर आला. उठताना तो म्हणाला, “बरं हाये मंग… चांगला असन तं हो म्हणजो.” आणि पडद्याआड गेला.

चांगला असेल तर हो म्हण. दिव्याखाली पडल्या पडल्या भूमिकेच्या जाड चष्म्यात पाणी साचलं. टिपायची सोय नव्हती. चेहऱ्याला हात लावायचा नव्हता.

गुरुवार तिनं कसाबसा काढला. निर्मलाबाईंनी खिडकीला घोंगडी टांगली होती, जेवण आत आणून देत होत्या. शुक्रवारी सकाळी त्या आणि उदाराम, म्हणजे भूमिकेचे वडील, हरभऱ्याच्या शेतावर गेले. घर रिकामं झालं आणि भूमिकेच्या डोक्यात दरेकसा भरलं. आता टीना गाडीत बसली असेल. आता उतरली असेल. आता त्याच्या ओसरीवर. हेमेंद्र अंधाऱ्या खोलीतून बाहेर येत नसेल तर ही आत जात असेल… अंधाऱ्या खोलीत. ती जागा तरी माझी होती, असं भूमिकेच्या मनात आलं आणि ती उठलीच.

डॉक्टरबाईंनी अठ्ठेचाळीस तास सांगितले होते. झाले होते चाळीस. आठ तासांनी काय होतं, असं तिनं स्वतःला समजावलं. माणसाला जळायचंच असलं की गणित सोपं होतं. एकावर एक दोन स्कार्फ बांधले, काळा चष्मा लावला आणि ऑटोनं स्टेशनवर गेली. तिकीट मात्र तिनं गोंदियापर्यंतचंच काढलं, कारण हिंमत तेवढीच होती. पुढचं गोंदियात पाहू, असं ठरवलं.

गाडीनं हात दाखवला तो गोंदियाच्या सिग्नलबाहेर. पाऊण तास हलेना. डबा भरलेला, आणि भूमिकेच्या वाट्याला आलेली जागा खिडकीची, उन्हाच्या बाजूची. जानेवारीतलं ऊन इतरांना गोड लागत होतं. एक आजी तर पाठ शेकत बसल्या होत्या. भूमिकेच्या गालांना आधी खाज आली, मग कुणी मिरची वाटून लावावी तशी आग. स्कार्फच्या आत कपाळ ठणकायला लागलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, हे तिला कळत होतं, पण परतीची गाडी काही डब्यातून पकडता येत नाही.

गोंदियाला उतरून ती तिकीट खिडकीच्या रांगेत उभी राहिली तेव्हा बारा वाजून गेले होते. डोळे चुरचुरत होते. खिडकीत वाकून ती म्हणाली, “एक दरेकसा.”

बाजूच्या खिडकीतून, अगदी त्याच क्षणी नाही, पण दोन श्वास मागून, आवाज आला, “एक तिरोडा द्या जी.”

भूमिकेचा हात सुट्या पैशांवर तसाच राहिला. तो आवाज तिनं तीन तास ऐकला होता, दुसरं काही न पाहता. तो तिला पेठेच्या कोलाहलातही कळला असता. ती वळली. बाजूला मधल्या उंचीचा एक माणूस उभा होता. डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा, काळा चष्मा, वरून टोपी. तोही तिच्याकडे वळलेला होता.

“भूमिका?”

“तू इथं काय करून राहिला?”

“तू… दरेकसा म्हटलं ना आता?”

“अन तू तिरोडा.”

मागचा माणूस ओरडला, “अरे भाई, साइड में प्रेमालाप करो, टिकट लेने दो.” तिकिटं दोघांच्याही हातात आली होती. हेमेंद्रनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, “पहिले सावलीत चाल. तुह्या कपाळावर जेवढं दिसून राहिलं तेवढं लालबुंद हाये.”

जिन्याखाली एक बाक होता, मालाच्या पेट्यांच्या आडोशाला, जिथे ऊन पोचत नव्हतं. दोघं दोन टोकांना बसली.

“टीना?” भूमिकेनं आधी तेच विचारलं. दुसरं काही विचारायचं सुचलं असतं तर ती भूमिका नव्हती.

“गेली असन दरेकसाले. मी तं सकाळीच निघालो.”

“घरी पाहुणी येनार अन तू निघाला?”

“आईले सांगितलं, आली तं चहा पाजजो. मले तिरोड्याले काम हाये.”

“कोणतं काम?”

तो दुपट्ट्याच्या टोकाशी चाळा करत राहिला. “त्या इंजिनिअरले पाहाचं होतं.”

“…पाहून काय केलं असतं?”

“माहीत नाई. टपाल हाये म्हणून दारात उभा राह्यलो असतो. एकदा पाहिला असता, कसा दिसते तं. दोन रात्री झोप नाई आली, भूमिका. तो तुले पाहील अन मी नाई, हेच डोक्यात.” तो थांबला. “मंग वाटलं, इथवर आलो, आता पुढचं तिकीट काढूच.”

भूमिकेला आनंद झाला, पण आता खरं सांगावं लागणार होतं.

“कोनी येनार नव्हतं,” ती म्हणाली.

“मनजे?”

“इंजिनिअर नाई. क्वार्टर नाई. मी खोटं बोलली. तू टीनाले ‘या ना’ म्हटलं म्हणून.”

गाडीची घोषणा झाली आणि संपली.

“त्या एका ‘या ना’साठी?” त्याचा आवाज बदलला होता. “मी चाळीस तासबी नाई काढले अन बाहेर पडलो. सायकलनं स्टेशनवर आलो, भर उन्हात. केशोराव पोस्टमास्तरांच्या हातापाया पडून रजा काढली होती या चेहऱ्यासाठी. सगळा जाळला आज. अन ते खोटं होतं?”

“हो.”

तो उठला. दोन पावलं गेला, आणि पाठ करून उभा राहिला. भूमिकेला वाटलं, गेला. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं ते आपण घेतलं. आता क्षमा मागावी, तर शब्द साधे पडले असते. रडावं, तर गालांना मीठ झोंबलं असतं. तिच्यापाशी देण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती तिनं चैत्रापासून आपणहून कुणाला दिली नव्हती.

“हेमेंद्र. इकडे पाह.”

तो वळला तेव्हा तिनं चष्मा काढला होता. मग पहिला स्कार्फ सोडला, मग दुसरा. चेहऱ्यावर जे होतं ते तिला आरशाशिवाय कळत होतं: सुजलेले गाल, चटके बसल्यासारखे लाल चट्टे, आणि त्यात मुरुम, बसलेलेसुद्धा उठलेले. आमगावच्या माणसांनी पाहिला होता तो चेहरा याच्यापुढे देखणा होता. भर दुपारी, गोंदियाच्या स्टेशनावर, जाणारे-येणारे पाहत होते. तिनं मान खाली घातली नाही.

“चौथ्या बारीनंतर दाखवनार होती,” ती म्हणाली. “चांगला झाल्यावर. आता हा असा हाये. जाचं असन तं पाहून जा.”

तो परत येऊन बाकावर बसला. या वेळी दुसऱ्या टोकाला नाही. पाहत राहिला, आणि ते पाहणं ‘नुसतं पाहत राहतात’ त्यातलं नव्हतं.

“बोल ना काही,” ती न राहवून म्हणाली.

“थांब. दीड महिना नुसता आवाज ऐकला. पाहू दे जरा.”

मग त्यानं स्वतःचा दुपट्टा सोडला. नाक खरंच थोडं जास्त होतं. बाकी चेहरा तिच्याइतकाच भाजलेला, वांग्याच्या भरतासारखा, आणि डाव्या भुवईवर साल सुटायला लागलेली. भूमिकेला हसू फुटलं, आणि गाल ओढले जाऊन डोळ्यांत पाणी आलं. तोही हसला आणि “आई ग” म्हणाला.

“डोळे बरे म्हणत होती ना तू,” तो म्हणाला. “बरे कायले, चांगलेच हायेत.”

“बाकी?”

“बाकीचंबी पाहिलं. सांगितलं तेवढं भेवान्यासारखं काही नाई.”

तिनं स्कार्फ उचलून मांडीवर घेतला.

त्यानं फोन काढून डॉक्टरबाईंना लावला. पलीकडचं ओरडणं बाकावर स्पष्ट ऐकू येत होतं. आधी एकट्याचं सांगितलं तेव्हा त्या ओरडल्या, आणि मग “अजून एक पेशंट हाये, बाजूलेच बसून हाये” म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्पच झाल्या. थंड पाण्याचा कपडा ठेवा, तोंड झाका आणि ऑटोनं ताबडतोब या, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

“मलम लावाले टीना नसन ना आज?” भूमिकेनं विचारलं.

“सुट्टीवर हाये. आमच्या घरी चहा पिऊन राहिली असन.”

भूमिकेच्या कपाळाला आठी पडली, आणि ती पडतानाही दुखली. हेमेंद्र ती आठी पाहत होता, जणू बक्षीस मिळालं आहे.

“एक विचारू?” तो म्हणाला. “तुह्या घरी शुक्रवारी कोनी नाई आलं ना. मंग पुढच्या शुक्रवारी खराच पोरगा पाठवू का?”

“कोणता?”

“हाच. भाजलेला.”

भूमिकेनं स्कार्फ पुन्हा बांधायला घेतला होता, तो तसाच मांडीवर राहिला.

“आई पहिले चेहराच पाहील,” ती म्हणाली. “पुढच्या शुक्रवारी तं सालं निघून राहिली असतीन तुही.”

“मंग?”

“मंग मी सांगीन. म्हणीन, आई, चेहऱ्यावर जाऊ नको. मी नाई गेली.”

वर पुलावरून माणसं धावत होती. तिरोड्याकडची गाडी लागली होती. ती सुटली, आणि थोड्या वेळानं दरेकसाकडचीही सुटली. दोघं आपापली तोंडं झाकून ऑटो पाहायला उठली. चार पावलं चालल्यावर भूमिका थांबली.

“अन एक. ती पुन्हा म्हणाली ना, घरी येते म्हणून…”

“तं काय म्हणू?”

“म्हणजो, घरच्या बाईले विचारून सांगतो.”

दुपट्ट्याआडून त्याचं हसणं ऐकू आलं, आणि पाठोपाठ कण्हणं.

“हासू नको,” ती म्हणाली. “कातडी फाटते.”

तिनं त्याची बाही धरली आणि ती त्याला उन्हाच्या कडेकडेनं, सावली पाहून पाहून, फाटकाकडे न्यायला लागली.